अर्धं बोट उजवीकडं

लुमाण्णा सांबरेकर, रिटायर सुभेदार,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यातून पिस्तूल घेऊन आले.
लायसन्स वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत,
त्यावर तीन शिक्के, दोन लिप्या.
"नळी गेली म्हणते नात," म्हणाले,
"खरं मला तसं वाटत न्हाई."

आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याची माणसं हसतात याला.
बेळगावचं माणूस खरं म्हणालं की समजावं
पुढं काहीतरी अडणार आहे.

मी नळी सोडवली, खिडकीकडं धरली.
आत उद्यमबागेचं आभाळ, चण्याएवढं,
फाउंड्रीच्या धुरानं पिवळट,
आणि त्याच्याभोवती पिळत गेलेले सहा चर.
एके काळी धार असेल त्यांना. आता
विहिरीच्या पायरीसारखे गुळगुळीत,
मधेमधे देवीचे व्रण.
माझे वडील अशा नळीला दात पडलेली म्हणायचे:
बोलते अजून, शब्द निसटतात.

नवी नळी फोमच्या खाचेत निजून आली होती,
डीलरच्या कागदांसकट, तेलाचा वास घेऊन.
नातीनं यादीच दिलेली. शर्वाणी, वय एकोणीस,
राज्यात चौथी, तिसरी का नाही याचा राग.
माशी हिरव्या काचेच्या धाग्याची,
मूठ रबराची, घोडा हलका,
वर लाल ठिपक्याची काच.
सुभेदारांनी यादी दोनदा वाचली.
"मग उरलं काय?"

मी सांगाड्यावरचा नंबर दाखवला.
"हा. कागदावर हाच आहे.
हा आहे तोवर पिस्तूल तेच."
त्यांनी अंगठ्यानं तो पुसला, पुन्हा पुसला,
मग बाहेर थांबलेल्या बसच्या पाटीकडं बघितलं.
"गावाचं पण तसंच केलंय की," म्हणाले.
"पिनकोड तेवढा जुना."

शनिवारी काकतीच्या रेंजवर.
शर्वाणीनं पाच मारल्या,
पाचही शर्टाच्या बटणाखाली झाकतील अशा.
मग सुभेदार. डावा हात पाठीमागं,
एका हातानंच, जुन्या रिवाजानं.
लाल ठिपक्याची काच त्यांनी काढायला लावली होती.

कागद दोरीवरून हलत जवळ आला.
पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून,
हात जराही थरथरलेला नाही,
आणि पाचही मध्याच्या उजवीकडं. अर्धं बोट.

"आजोबा, सगळ्या उजवीकडं जाऊलाल्यात."

ते बराच वेळ कागद धरून उभे.
"जुनी डावीकडं ओढायची," म्हणाले शेवटी.
"घेतली तेव्हापासून. मी अर्धं बोट उजवीकडं धरायचो.
कुणाला सांगितलं न्हाई.
मग माझंच मला आठवंना."

बत्तीस वर्षं
एका वाकड्याला दुसऱ्या वाकड्यानं सांभाळलेलं.
आता सरळ नळी आली
आणि हात एकटाच वाकडा उघडा पडला.

सोमवारी मी जुन्या नळीचा अर्ज भरला.
अर्ज कन्नडात. मी मराठी शाळेतली.
आधी मनात मराठीत म्हणते, मग
हात आपोआप थोडा वळवून घेते.
साहेब म्हणतात, अक्षर छान आहे, मॅडम.
मी सांगत नाही नेम कुठं धरते ते.

कापायच्या आधी सुभेदारांनी नळी मागितली.
डोळ्याला लावली, एक डोळा मिटून,
रस्त्याकडं फिरवली, मग माझ्याकडं.
करवतीवाला गुंडू बटणावर हात ठेवून थांबला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तुझं दुकान," म्हणाले. "सगळं सरळच दिसतंय.
खरं..."

आणि पुढं बोललेच नाहीत.